शीआन: तटबंदीपासून ताटापर्यंत

चीनच्या शाआन्शी प्रांतातले शीआन म्हणजे जुने चांगआन. थांग घराण्याची ही राजधानी आणि रेशीम मार्गाचे पूर्वेकडचे टोक. मध्य आशियातून आलेले तांडे इथे थांबत. शहराच्या वास्तूंवर आणि खाण्यावर पश्चिमेची ती छाप अजून आहे.

आज दिसणारी तटबंदी मात्र थांगकालीन नाही. ती चौदाव्या शतकात मिंग राजवटीने उभारली. घेर सुमारे १४ किलोमीटर, उंची १२ मीटर. माथा इतका रुंद की भाड्याची सायकल घेऊन पूर्ण फेरी मारता येते. थांगांचे चांगआन याहून कितीतरी मोठे होते, त्याच्या लहानशा भागालाच हा तट वेढतो.

तटाबाहेर दक्षिणेला मोठा हंस पॅगोडा आहे. ह्युएन त्संगाने भारतातून ६४५ साली आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून तो ६५२ मध्ये बांधायला घेतला. मराठी वाचकाला हा प्रवासी परका नाही: दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या लोकांच्या मानी, लढाऊ स्वभावाची नोंद त्याने केली.

शहराच्या मध्यावरच्या नगारा मनोऱ्यामागे हुई मुसलमानांची वस्ती सुरू होते. तिथल्या मोठ्या मशिदीला घुमट नाही. चौकामागून चौक, लाकडी मंडप आणि वळणदार छपरे. मिनाराच्या जागीही अष्टकोनी मंडपच. परंपरेने तिची स्थापना ७४२ मधली मानतात, इमारती बहुतांशी मिंगकाळातल्या आणि नंतरच्या.

याच गल्ल्यांत शीआनची खरी चव कळते. हा मुलूख भातापेक्षा गव्हाचा. 'यांगरो फाओमो' मागवले की आधी रिकामा वाडगा आणि घट्ट भाजलेली रोटी समोर येते. गिऱ्हाईकाने ती स्वतः वाटाण्याएवढी कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. तुकडे मोठे राहिले तर रस्सा आत मुरत नाही, म्हणून घाईत असलेल्याने या वाटेला जाऊ नये. सोबत मुरवलेला गोडसर लसूण असतो. हाताने ओढलेल्या, पट्ट्यासारख्या रुंद 'बियांगबियांग' नूडल्सवर तिखट घालून कडकडीत तेल ओततात. चर्र आवाज आणि वास थेट आपल्या फोडणीचा. खमंग रोटीत खिमा भरलेला 'रोउजियामो' शहरभर मिळतो. इतरत्र त्यात बहुधा डुकराचे मांस असते, हुई वस्तीत गाईचे किंवा बकऱ्याचे, त्यामुळे आधी विचारलेले बरे. मटणाच्या सळयांवर जिरे सढळ हाताने पेरलेले असते.

पूर्वेला लिनथोंगजवळची मातीची सेना पाहायला अर्धा दिवस लागतो. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना १९७४ मध्ये ती सापडली. पुतळे मुळात रंगवलेले होते, पण हवा लागताच रंग उडू लागतो; ही सेना ज्याच्यासाठी पुरली त्या सम्राट छिन शी हुआंगच्या मुख्य थडग्याचे उत्खनन अजून केलेले नाही, त्यामागे हीही काळजी आहे. लिनथोंग भाग तेंडूच्या जातीच्या, टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या गोड फळासाठी प्रसिद्ध. त्याचा गर पिठात मळून, आत गोड सारण भरून केलेल्या वड्या हुई वस्तीत तळून विकतात. फळाचा हंगाम शरद ऋतूतला, आणि तटावर सायकल फिरवायलाही तेच दिवस सोयीचे.