साथीनंतरचा कामकरी

महामारी माणसें नेते, हें सर्वांस ठाऊक असतें. मागें उरलेल्या माणसांची कामाविषयींची दृष्टीही ती पालटून टाकते, याकडे मात्र फारसें लक्ष जात नाहीं. मुंबईचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग आल्याचें डॉ. व्हिएगस यांनीं ओळखलें. त्या वेळीं शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती. पुढील पांच महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांतील पुष्कळ कामकरी रत्नागिरीकडचे. ते आपल्या गांवीं परतले.

तोंवर गिरणींतील पगार महिन्याचा असे, आणि तोही महिना उलटून कांहीं आठवडे गेल्यावर हातीं पडे. काम सोडावें तर थकलेली मजुरी बुडण्याचें भय. म्हणजे पगार हीच पायांतली बेडी! परंतु महिनाअखेर आपण जिवंत असूं कीं नाहीं याचीच ज्याला शाश्वती नाहीं, तो उधारीवर कां राबेल? कामकऱ्यांनीं रोजचा पैसा रोज मागितला, आणि मालकांना तो द्यावा लागला. मजूर मिळेनात, तेव्हां नाक्यानाक्यांवर त्यांच्या मजुरीचा जणूं लिलाव होऊं लागला. नुसता जास्त पगार एवढीच ही मागणी नव्हती. केलेल्या श्रमाचें मोल वेळेवर हातीं यावें, ही त्यामागची खरी ओढ होती.

पुढें माणसें परतलीं, टंचाई सरली आणि मासिक पगार पुन्हा सुरू झाला. इंग्लंडांत तर १३४८ च्या महामारीनंतर वाढलेली मजुरी पूर्वीच्या दरावर खेंचण्यासाठीं १३५१ सालीं कायदाच करण्यांत आला होता.

२०२० सालीं हेंच चित्र पुन्हा दिसलें. मार्चमध्यें टाळेबंदी होतांच असंख्य मजूर पायींच गांवाकडे निघाले. जूनमध्यें भातलावणीसाठीं पंजाबांतील कांहीं शेतकऱ्यांनीं बिहारांत बसगाड्या धाडल्या, आगाऊ रकमाही दिल्या. त्याच वर्षीं अनेक शहरी इमारतींनीं घरकाम करणाऱ्या स्त्रियांस दार बंद केलें. कांहीं घरांनीं तरीही त्यांचा पगार चालू ठेवला, कांहींनीं तोडला.

संकटांत कोण कसें वागलें, हें कामकरी विसरत नाहीं. टंचाईनें मिळालेली सवलत टंचाईबरोबर जाते. नियमानें आणि शिरस्त्यानें बांधलेली तेवढी टिकते. तो शिरस्ता घालण्याचा अधिकार गिरणीमालकाइतकाच प्रत्येक गृहस्थाच्याही हातीं असतो.