रुग्णवाहिकेचे बिऱ्हाड

अमेरिकेत रुग्णवाहिका मोडकळीस येईपर्यंत वापरीत नाहीत. ऐन वेळी गाडी बंद पडली तर रोग्याच्या प्राणाशीच गाठ. म्हणून इंजिन चालते आहे व पत्रा शाबूत आहे अशा स्थितीतच पुष्कळ गाड्या सेवेतून काढल्या जातात आणि लिलावात विकल्या जातात. ह्या लिलावांत एक निराळेच गिऱ्हाईक दिसते. सुट्टी मिळताच रानावनात हिंडणारे, गाडीतच रांधणारे आणि गाडीतच झोपणारे हे हौशी प्रवासी होत. त्यांपैकी काहींना हॅम रेडिओचाही नाद असतो. ह्या दोन्ही छंदांना जुनी रुग्णवाहिका जितकी मानवते, तितकी दुसरी गाडी क्वचितच मानवत असेल. त्याचे कारण तिच्या घडणीत आहे.

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील पुष्कळ गावांत रुग्णवाहिकेचे काम अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांकडे असे. आडव्या माणसाला नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याजवळच होती, एवढाच त्यातला हेतू. रोग्याला हा योग फारसा धीर देणारा नसावा! अशा बुटक्या गाडीत परिचारकाला उभे राहता येत नसे. तो रोग्याला पोहोचवी, उपचार करू शकत नसे. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने ह्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले, आणि १९७४ मध्ये संघ-सरकारने रुग्णवाहिकेच्या बांधणीची मानके ठरवून दिली. पुढे ट्रकच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमची उंच, पेटीसारखी खोली बसवण्याची पद्धत रूढ झाली.

धावत्या गाडीत उपचार करता यावेत म्हणून ह्या खोलीत जे जे केले, ते ते पुढे संसाराच्या उपयोगी पडते. मध्यम उंचीच्या माणसाला तिच्यात जवळजवळ ताठ उभे राहता येते. रोग्याशेजारचे बाक माणसाच्या उंचीइतके लांब असते. त्यावर गादी घातली की बिछाना झाला. औषधांची कपाटे धक्के बसले तरी उघडू नयेत अशी केलेली असतात, त्यांत डाळ-तांदळाचे डबे बसतात. प्राणवायूचे नळकांडे ठेवण्याच्या, बाहेरून उघडणाऱ्या कपाटात पाण्याचे पिंप राहते. रोग्याच्या उशाशी परिचारकाची खुर्ची असते. तिच्यापुढे फळी ठोकली की रेडिओचे टेबल तयार होते.

मात्र काही गोष्टी काढून टाकाव्याच लागतात. भोंगा आणि तांबडे झगमगते दिवे काढावे लागतात. समोरच्या गाडीच्या आरशात सरळ वाचता यावा म्हणून उलटा लिहिलेला ‘रुग्णवाहिका’ हा शब्द पुसावा लागतो. ह्याबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. परंतु भोंगा गमतीसाठी ठेवणाऱ्याला कोणत्याही राज्यात क्षमा नसावी. रस्ता मोकळा करून देणारे लोक ज्या विश्वासाने बाजूला होतात, तो विश्वास खेळण्याची वस्तू नव्हे. गाडीवरचा निळा, सहा बाहूंचा तारा हाही निघतो. त्याचे सहा बाहू म्हणजे आपत्कालीन सेवेच्या सहा पायऱ्या: अपघात ध्यानी येणे, वर्दी देणे, मदत निघणे, जागेवरचा उपचार, वाटेतला उपचार आणि रुग्णालयाच्या स्वाधीन करणे. तारा गेला तरी त्यातली दुसरी पायरी, म्हणजे वर्दी देण्याचे काम, ह्या गाडीत पुन्हा सुरू होऊ शकते. ते रेडिओमुळे.

हॅम रेडिओ हा परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन करावयाचा छंद आहे. परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाम मिळते; भारतातील संकेतनामे सहसा ‘व्हीयू’ ह्या अक्षरांनी सुरू होतात. ह्या संभाषणाबद्दल पैसे घेता येत नाहीत. टेलिफोनच्या तारा व मनोरे कोसळले तरी दोन यंत्रे आणि त्यांमधले आकाश एवढ्यावर हे काम चालते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांचे दळणवळण तुटले, तेव्हा केवळ छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हॅम मंडळींनी आपली यंत्रे निरोप पोहोचवण्याच्या कामी लावली.

आता गाडीतील विजेचा हिशेब पाहू, कारण सारा खेळ तिथेच आहे. शंभर वॉटचे रेडिओयंत्र नुसते ऐकत असता सुमारे एक अँपिअर प्रवाह घेते. बोलू लागले की तोच प्रवाह वीस अँपिअरपर्यंत चढतो. आता बॅटरीपासून टेबलापर्यंत पाच मीटरची तार आहे असे समजा. जाऊन येऊन ती दहा मीटर झाली. तार दोन चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.०८६ ओहम भरतो आणि वीस अँपिअरला १.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बॅटरीत साडेबारा व्होल्ट असले तरी यंत्राच्या वाट्यास पावणेअकराच्या आसपासच येतात, आणि मालकाने तोंड उघडताच यंत्र बंद पडते. दहा चौरस मिलिमीटरची तार घातली, तर हीच तूट अवघ्या तिसऱ्या हिश्श्याच्या व्होल्टवर येते. रुग्णवाहिकेत हृदयाच्या यंत्रापासून दिव्यापर्यंत अनेक उपकरणे एकदम चालवावी लागत. म्हणून मोठे अल्टरनेटर, एकाहून अधिक बॅटऱ्या व जाड तारा तिच्यात आधीच असतात. नव्या मालकाला हे आयतेच घबाड मिळते.

पण ह्याच तारांत त्याचा शत्रूही दडलेला असतो. दिव्यांचे नियंत्रक, बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलणारे इन्व्हर्टर, सौर पत्र्यांची स्वस्त उपकरणे, ही सारी रेडिओत खरखर उत्पन्न करतात, आणि दूरचा क्षीण आवाज त्या खरखरीत बुडतो. ह्यावर उपाय कंटाळवाणा परंतु खात्रीचा आहे. इंजिन बंद करून यंत्र बॅटरीवर लावावे, आणि गाडीतील एकेक बटण बंद करीत कान देऊन ऐकावे. ज्या बटणासरशी खरखर थांबते, तिथे चोर सापडला. दारे बिजागऱ्यांवर असली तरी रंग व वंगण ह्यांमुळे विद्युत्‌दृष्ट्या ती गाडीपासून तुटलेलीच असतात. तांब्याच्या चपट्या विणलेल्या पट्टीने त्यांना जोडून घ्यावे लागते. ही पट्टी कल्हई केलेली हवी, नाहीतर ॲल्युमिनियमला लागून ओलीत ते धातू कुजवते.

छपराचा धातू मात्र मित्रच ठरतो. अँटेना म्हणजे लहरी सोडणारी व झेलणारी काठी. ती लहरीच्या पावपट लांब असून खाली धातूचा पसरट पत्रा असला की उत्तम चालते. दोन मीटर लांबीच्या लहरींना अर्धा मीटर काठी पुरते. पण ह्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दरीत मुक्काम केला की डोंगराला धडकून थांबतात. तिथे बहुधा मोबाइलही मुका असतो. अशा वेळी मालक दोन झाडांमध्ये वीस मीटर लांब तार फार उंच न चढवता ताणतो व दिवसा चाळीस मीटरच्या लहरी वापरतो. त्या जवळजवळ सरळ वर चढतात, सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरावरून परत फिरतात आणि दरीभोवतीच्या काहीशे किलोमीटरच्या मुलखात उतरतात. डोंगर मध्ये येतच नाही. दरीत कोणी जायबंदी झाला, तर वर्दी त्याच वाटेने बाहेर जाते.

अमेरिकेतील हॅम मंडळी १९३३ पासून जून महिन्याच्या अखेरीस ‘फील्ड डे’ पाळत आली आहेत. पुष्कळजण त्या शनिवारी दुपारी मैदानात किंवा टेकडीवर तळ देतात आणि सरकारी वीज न घेता चोवीस तास एकमेकांना साद घालीत राहतात. जुनी रुग्णवाहिका घेऊन आलेला माणूस तिथे ताठ खुर्चीत बसतो. मागच्या बाकावर कुणीतरी झोपलेले असते. मध्यरात्रीनंतर तो फ्रीज बंद करतो, दिवाही मालवतो, आणि अंधारात व्होल्टमापकाच्या काट्यावर नजर ठेवून पुढच्या स्थानकाचे संकेतनाम टिपून घेतो.