घरची शाळा आपल्यालाही चालवता येते

'होमस्कूलिंग' हा शब्द निघाला की आमच्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू लोकांचे हे खूळ! ज्यांना शाळेच्या दारात कधी कुणी अडवले नाही त्यांनी खुशाल शाळा सोडावी. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळ्या बसलेल्या भीमरावाच्या वारसांनी का सोडावी? हा राग रास्त आहे. तरीही मुलांना घरी शिकवायचे ठरवणाऱ्या आपल्या आईबापांना आम्ही नाउमेद करणार नाही. घरची शाळा ही कुणा एका वर्गाची मक्तेदारी नाही.

महात्मा फुले नगरला आले, मिस फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास नगरकर अभिमानाने सांगतात. पण त्या शाळेला शिक्षिका कुठून मिळाली? ती जोतीरावांच्या घरातच घडली. सावित्रीमाईंना अक्षर ओळख झाली ती घरी.

आणि सुभेदार रामजी! परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावाला अभ्यासाला उठवत आणि त्या जागेवर स्वतः झोपत. इंग्रजी वाचन, भाषांतर यांचा पाया त्यांनीच पक्का करून घेतला. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकत. पण त्यांनी भीमरावाचे नाव शाळेतून काढले नाही, हे विसरू नका. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण पाथर्डी-शेवगावचा कोयता काही थांबला नाही. हंगाम लागला की आईबाप कारखान्यावर, मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर आणि मूल उसाच्या फडाजवळच्या कोपीत! साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. ती सगळ्यांपर्यंत पोहोचली नाहीत. या मुलांसाठी घरची शाळा ही हौस नाही, एवढाच मार्ग उरतो. आई निरक्षर असली तरी रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवणे तिच्या हातात आहे. मात्र थोरल्या लेकीला मास्तरीण करून मोकळे होऊ नका. धाकट्याला सांभाळण्यासाठी आधीच तिची शाळा सुटलेली असते. तिच्याही हातात पाटी द्या.

काही पालक भीतीपोटी मूल घरी ठेवतात. २०१४ साली याच जिल्ह्यात खर्ड्याला आपल्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. अशा जिल्ह्यातल्या आईला भित्री म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? तिला आम्ही एवढेच सांगू की घरी जरूर शिकव, पण शाळेत जातीवरून हिणवले असेल तर लेखी तक्रारही कर. नाहीतर मूल घरात कोंडले जाते आणि हिणवणारा वर्गात मोकळा राहतो.

सरकारला मात्र या घरच्या शाळेची ढाल करू देऊ नका. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ साली पुढे आलाच होता. वस्तीवरची शाळा गेली तर घरी शिकवणे ही निवड राहत नाही, सक्ती होते.

पालकांनो, कागदाची बाजू सांभाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावे लागते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे घरी शिकलेल्या मुलाला परतीची वाट आहे. दहावीसाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मुदत मात्र चुकवू नका. दरवर्षी आपली पोरे तिथेच अडकतात.

आणि एकट्याने रेटू नका. गावात कुणी पदवीधर, कुणी निवृत्त गुरुजी असतोच. बुद्धविहार रविवारच्या वंदनेनंतर आठवडाभर कुलूपबंद असते. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने उद्या संध्याकाळी सहाला दार उघडावे, आणि एक फळा आधीच आणून ठेवावा.