ठेका धरणारे हात

ड्रम म्हटले की बहुतेक घरांत पहिला शब्द उमटतो तो 'गोंगाट'. आमच्या घरात तो दोन भाषांत उमटत असे. बाबा म्हणायचे, "काय हा धुडगूस!" आणि म्हैसूरकडची आई म्हणायची, "एनिदु गद्दल!" भजनातला पखवाज आणि रेडिओवरचा तबला ऐकून घडलेल्या कानांना रॉक आणि जाझमधले ड्रम परके वाटणे साहजिकच आहे. मी मात्र कॉलेजच्या दिवसांपासून हे संगीत आवडीने ऐकत आलो. आता माझी मुलगी ड्रम शिकते आहे. त्यामुळे घरात एक नवाच वाद सुरू झाला आहे. तिला वेगवान हातांचे ड्रमर आवडतात, तर मला ठेका धरणारे. त्या निमित्ताने माझे आवडते वादक कोण आणि ते का आवडतात, हे वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

आधी वाद्याविषयी थोडेसे. अमेरिकेतल्या मिरवणुकीच्या बँडमध्ये पूर्वी मोठा बेस ड्रम एक जण वाजवी आणि ताशासारखा कडकडणारा स्नेअर ड्रम दुसरा. १९०९ च्या सुमारास लुडविग कंपनीने बेस ड्रम पायाने वाजवण्याचे सुटसुटीत पेडल आणले. पुढे १९२० च्या दशकात पायाने मिटणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, आली. आपल्या ढोल-ताशा-झांज पथकातले सगळे वादक मिळून एकच माणूस झाला आणि स्टुलावर बसला, अशी कल्पना करा. तोच ड्रमर!

रॉक आणि जाझ यांच्या ठेक्यात मोठा फरक आहे. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा स्नेअरवर ठासून वाजते. आपले लक्ष समेवर असते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना जोर भलत्याच जागी पडल्यासारखा वाटतो. जाझमध्ये ठेक्याचा भार मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर असतो. मात्रेचे तीन भाग करून मधला सोडला की चालीला एक झोका मिळतो. १९४० च्या सुमारास केनी क्लार्क याने ठेका पायावरून काढून या झांजेवर नेला. पाय मोकळा झाला, आणि तेव्हापासून जाझचा ड्रमर गायक-वादकांशी बोलू लागला.

रॉकमधला माझा पहिला आवडता म्हणजे रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स. १९६३ पासून २०२१ साली निधन होईपर्यंत तो त्याच बँडमध्ये होता. मनाने तो जाझचा होता. त्याचा सेट लहान आणि चेहरा शांत. स्नेअरवर आघात करताना तो उजवा हात हाय-हॅटवरून क्षणभर उचलून घेई. त्या एवढ्याशा मोकळ्या जागेमुळे आघात स्वच्छ ऐकू येई आणि चाल किंचित मागे रेलल्यासारखी वाटे. दुसरा बीटल्सचा रिंगो स्टार. तो मूळचा डावखुरा, पण सेट उजव्या हाताच्या माणसाचा. त्यामुळे त्याच्या भरावाच्या जागा वेगळ्याच वळणाच्या होत. १९६९ चे 'कम टुगेदर' ऐकून पाहा. त्या गाण्यातून ड्रम काढले तर गाण्याचा चेहराच जाईल.

तिसरा लेड झेपेलिनचा जॉन बॉनम. याचा आघात जबरदस्त. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या १९७१ च्या गाण्यासाठी त्याचे ड्रम एका जुन्या वाड्यासारख्या घराच्या जिन्याखालच्या दिवाणखान्यात मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. त्या घुमाऱ्याची नक्कल आजही होते. पण मला भावते ती त्याची धीमी लय. एवढी ताकद असूनही तो घाई करत नाही. १९८० साली ३२ व्या वर्षी तो गेला, तेव्हा दुसरा ड्रमर घेण्याऐवजी बाकीच्या तिघांनी बँडच थांबवला. ठेका धरणाऱ्याची किंमत याहून वेगळी काय सांगावी?

जाझमध्ये माझ्या मनात पहिले नाव एल्विन जोन्स याचे. जॉन कोल्ट्रेन याच्या १९६४ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये त्याचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या लयी विणत असतात, तरी मूळ चाल कुठेही हरवत नाही. टोनी विल्यम्स १९६३ साली माइल्स डेव्हिस याच्या संचात आला तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. त्याचा वेग थक्क करणारा, पण कान त्याहून तल्लख. दुसऱ्याने सुरात केलेला इशारा तो पुढच्याच मात्रेत उचलून धरी.

आपल्या वाचकांनी सुरुवात करावी ती मात्र जो मोरेलोपासून. १९५८ साली डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीबरोबर तो भारतात आला होता. पुढच्याच वर्षी या चौकडीने 'टेक फाइव्ह' ध्वनिमुद्रित केले. ते पाच मात्रांचे आहे. आमच्या आईने लहानपणी थोडे कर्नाटक संगीत शिकले होते. मुलगी हे गाणे ऐकत असताना आई मांडीवर हात टाकत नातीला म्हणाली, "इदु खंड चापु अल्लवा?" अगदी तसेच नव्हे. खंड चापूत दोन-तीन अशी विभागणी, आपल्या झपतालाचा अर्धाही तसाच. येथे ती तीन-दोन अशी उलट आहे. पण आईने पाच मात्रा पकडल्या होत्या! मोरेलो एकटा वाजवू लागतो तेव्हा पियानो तीच एक ओळ फिरवत राहतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवर लेहरा धरतात, अगदी तसा.

आमच्या गावाशी या विषयाचा खराखुरा धागाही आहे. ठुमरीसाठी गाजलेल्या शोभा गुर्टू यांचा जन्म १९२५ साली बेळगावात झाला. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्यापासून सुरुवात करून जगभरच्या जाझ रंगमंचावर पोहोचले. गुडघे टेकून जमिनीलगत वाजवायचे, मध्येच घुमणारी झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवायचा, ही त्यांची खासियत. १९८८ च्या त्यांच्या 'उसफ्रेट' या अल्बममध्ये आईचे गाणे आणि मुलाचा ठेका एकत्र ऐकायला मिळतो.

मुलीच्या पक्षालाही न्याय द्यायला हवा. तिचा लाडका नील पर्ट हा रश या बँडचा ड्रमर. अवघड, लांबलचक वादनाचा बादशहा. पण कीर्तीच्या शिखरावर असताना, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने फ्रेडी ग्रुबर या गुरूकडे पुन्हा धडे घेतले आणि काठ्या धरण्याची पद्धतही बदलली. कशासाठी? हालचाल सैल व्हावी, ठेक्यात श्वास यावा म्हणून. हे मी मुलीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पण आधी हात तयार होते म्हणून ना?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

"मुलगी आणि ड्रम?" असे विचारणारे नातेवाईक दोन्ही बाजूंना आहेत. त्यांना मी टेरी लिन कॅरिंग्टनचे नाव सांगतो. वाद्यजाझच्या अल्बमचे ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री, २०१४ साली.

घरात कोणी शिकत असेल तर सरावाला रबरी पॅड आणा, सेटवर बसताना कानांना संरक्षण लावा आणि शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्या. आणि ऐकताना एकच गाणे तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसते गाणे, दुसऱ्यांदा फक्त झांज, तिसऱ्यांदा फक्त पाय. तिसऱ्या खेपेला गोंगाट ओसरतो आणि त्यात बसलेला माणूस ऐकू येऊ लागतो.