पाण्यातील साक्षीदार

उत्तर अमेरिकेत मिशिगन नावाचे एक विशाल सरोवर आहे. त्याचा विस्तार एवढा मोठा, की एका तीरावर उभे राहिले असता दुसरा तीर दृष्टीस पडत नाही. समुद्राप्रमाणे त्यावर लाटा उसळतात आणि काठाने वाळूच्या पुळणी पसरलेल्या आहेत. उन्हाळ्यात हजारो लोक तेथे पोहावयास येतात. त्यांच्याबरोबर कुरव पक्ष्यांचे थवेही येतात. हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात नावांभोवती घिरट्या घालणारे पांढरे-करडे पक्षी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. तेही कुरवच. सरोवराकाठचे कुरव त्यांच्याच कुळातील होत.

अशा पुळणींवर कधीकधी पोहण्यास मनाई करणारा फलक लागतो. पाणी तर नितळ दिसते. मग मनाई कशासाठी? कारण पाण्याची शुद्धता केवळ डोळ्यांना कळत नाही. पाण्यात विष्ठा मिसळली असेल, तर तिच्याबरोबर रोगजंतूही आलेले असण्याचा संभव असतो. हे रोगजंतू नाना प्रकारचे असतात. प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ मनुष्याच्या आणि पशुपक्ष्यांच्या आतड्यांत विपुल असणारे काही जिवाणू मोजतात. त्यांपैकी एक १८८५ साली थिओडोर एशेरिश या वैद्याने शोधून काढला. त्याच्याच नावावरून त्याला पुढे एशेरिकिया कोलाय असे नाव मिळाले. असे जिवाणू पाण्यात प्रमाणाबाहेर आढळले, की पाणी दूषित झाले असे समजावे.

परंतु यात एक मोठी अडचण आहे. हे जिवाणू मनुष्यात असतात, तसेच गाईत, कुत्र्यात आणि पक्ष्यांतही असतात. त्यामुळे अपराध घडला एवढे कळते. अपराधी कोण, हे कळत नाही. आणि ते कळल्यावाचून उपाय तरी कोणता करावा? मैला वाहून नेणारे एखादे गटार फुटले असेल, तर पाण्यात विषमज्वर, कावीळ यांसारख्या मानवी रोगांचे जंतू शिरण्याचे मोठे भय असते. तेथे पक्ष्यांना हाकलून काय उपयोग? उलट, दोष पक्ष्यांच्या विष्ठेचा असेल, तर गटारे खणण्यात पैसा आणि श्रम दोन्ही व्यर्थ जातील.

हा निवाडा करण्यासाठी पाण्यातीलच एक साक्षीदार उपयोगी पडतो. प्रत्येक जातीच्या प्राण्याचे अन्न निराळे, शरीराची उष्णता निराळी आणि आतड्यांची घडणही निराळी. म्हणून काही जिवाणू विशिष्ट प्राण्यांच्या आतड्यांतच चांगले वाढतात. कॅटेलिकॉकस मॅरिमॅमेलियम हा असाच एक जिवाणू. सील आणि शिंशुक या सागरी प्राण्यांत तो प्रथम सापडला आणि २००६ साली त्याचे नामकरण झाले. पुढे असे दिसून आले, की त्याचे खरे घर म्हणजे कुरवांचे आतडे. २००८ साली शास्त्रज्ञांनी त्याला पाण्यातून ओळखून काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

ही रीत मोठी चतुराईची आहे. प्रथम पाण्याचा नमुना अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. गाळणीवर अडकलेले जिवाणू फोडले, की त्यांच्यातील डीएनए हा पदार्थ मोकळा होतो. डीएनए म्हणजे दोन पदरांचा, पीळ दिलेला जणू एक दोरच. जिवाणूच्या वंशाची सारी ओळख त्यात साठविलेली असते. हा दोर सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्याचे पदर सुटे होतात. मग ते निववून, केवळ कुरवांच्या जिवाणूशीच जुळतील असे डीएनएचे आखूड तुकडे त्यात सोडतात. जुळणी झाली, की तेथून पुढे एक विकर नवा पदर गुंफू लागते. असे एकाचे दोन, दोनांचे चार होत तीस वेळा दुप्पट झाले, की एका दोराचे १०७ कोटींहून अधिक दोर होतात! जो पदार्थ सापडण्याइतकाही नव्हता, तो आता मोजता येतो. कुरवांचा जिवाणू मुळात नसेल, तर जुळणीच होत नाही आणि वाढही होत नाही. ही युक्ती १९८३ साली कॅरी मलिस यांना सुचली. तिच्याबद्दल त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र एकाच साक्षीवर निवाडा देणे बरे नव्हे. कुरवांचा हा जिवाणू क्वचित कबुतरांसारख्या इतर पक्ष्यांतही आढळतो. म्हणून मानवी मैल्याची खूण सांगणाऱ्या जिवाणूंचीही निराळी परीक्षा करतात आणि मगच निष्कर्ष काढतात.

मिशिगन सरोवराच्या एका पुळणीवर याहून पुढचा प्रयोग झाला. तेथे शिकविलेल्या कुत्र्यांकरवी कुरवांना हुसकावून लावण्यात आले. कोणालाही इजा करण्यात आली नाही. पूर्वी तेथे दररोज सरासरी ६६५ कुरव असत. ते केवळ १७ उरले. पाण्यातील कुरवांची खूण घटली आणि तिच्याबरोबर दूषितपणा दर्शविणारे जिवाणूही घटले. पूर्वी ६४ टक्के दिवशी रोगकारक ठरू शकतील असे जिवाणू पाण्यात सापडत. कुरव दूर असताना ते एकदाही सापडले नाहीत. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साक्षीदाराची साक्ष खरी ठरली!

तरीही एक प्रश्न उरतोच. कुरव पुळणीवर एवढ्या संख्येने गोळा का होतात? काठावर टाकलेले खाद्यपदार्थ आणि उघड्या कचराकुंड्या त्यांना बोलावून आणतात. पक्ष्याला पाणी दूषित करण्याची बुद्धी नसते. तो अन्नाच्या मागे येतो, आणि ते अन्न टाकणारा मनुष्यच असतो. अपराधी शोधण्याची विद्या मनुष्याने मिळविली आहे. तिने दाखविलेली वाट आपल्याच दारापर्यंत आली, तर तेथेही न डगमगता जाणे, हेच तिचे खरे सार्थक होय.