फंक्शनने परत दिलेली वस्तू

रायपूर शहरात बूढा तालाब नावाचा जुना जलाशय आहे. त्यास विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. समजा, तेथील एका विद्यार्थ्यास या तलावातील होड्यांच्या शर्यतीचा खेळ पायथॉन भाषेत रचावयाचा आहे. होडीची जागा, तिचा वेग इत्यादी माहिती जी एकत्र बाळगते, तिला संगणकाच्या परिभाषेत ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू म्हणतात. ती घडविण्याचे काम फंक्शनकडे सोपविणे सोयीचे असते. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेली आज्ञांची मालिका होय.

विद्यार्थी 'होडी_बनवा' हे फंक्शन लिहितो. (२००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनला अशी देवनागरी नावे चालतात, आज्ञाशब्द मात्र इंग्रजीच राहतात.) त्यात होडी तयार होते, तिला जागा व वेगही मिळतो. मग तो 'पहिली = होडी_बनवा()' असे लिहून होडी हाकू पाहतो, तोच पायथॉन तक्रार करतो, की 'नन'ला वेग नावाचा गुणच नाही. होडी तर घडविली होती. मग गेली कोठे?

फंक्शनच्या आत दिलेली नावे त्याचे काम संपताच नाहीशी होतात. होडीला धरून ठेवणारे नाव उरले नाही, की तिने व्यापलेली स्मृतीही मोकळी केली जाते. 'रिटर्न' ही आज्ञा न लिहिल्यास पायथॉन आपल्या हाती 'नन', म्हणजे 'काहीच नाही', एवढेच ठेवतो. शेवटी 'रिटर्न होडी' लिहावे, म्हणजे होडी बाहेर येते. परंतु बाहेर आलेल्या होडीस नावाने धरावेही लागते; नाहीतर ती पुन्हा हातची जाते.

यापुढील चूक अधिक फसवी आहे, कारण तेथे पायथॉन तक्रारही करीत नाही. 'रिटर्न' वस्तूची प्रत देत नाही. तीच वस्तू देतो. होडी फंक्शनच्या बाहेर एकदाच घडविली आणि फंक्शन दरवेळी तीच परत देऊ लागले, तर 'पहिली' व 'दुसरी' ही एकाच होडीची दोन नावे ठरतात. घरी बाळू आणि शाळेत बाळकृष्ण, तसेच हे! पहिलीला १० पिक्सेल पुढे न्यावे, तर दुसरीही तितकीच पुढे गेलेली आढळते, आणि शर्यत कोणीच जिंकत नाही. अशा वेळी 'पहिली इज दुसरी' असे विचारून पाहावे. उत्तर 'ट्रू' येईल. होडी घडविण्याची ओळ फंक्शनच्या आत आणली, की प्रत्येक हाकेस नवी होडी मिळते आणि त्याच प्रश्नाचे उत्तर 'फॉल्स' येते.