इंग्रजीच्या छात्राध्यापकाला परदेशी वर्ग कसा मिळतो?

ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील दिवा हे मध्य रेल्वेवरील जंक्शन असल्याने ठाणे, डोंबिवली, कल्याण, पनवेल आणि वसई या साऱ्या दिशांना तेथून शिक्षणासाठी जाता येते आणि इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेऊन बी.एड. करणाऱ्या दिव्यातील छात्राध्यापकाचे सरावपाठही बहुधा याच पट्ट्यातील शाळांत होतात. यांपैकी ज्यांना परदेशी शाळेत शिकवण्याची इच्छा असते, त्यांची पहिली गल्लत प्रशिक्षणातील सराव आणि प्रशिक्षणानंतरची नेमणूक यांत होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात सुमारे 20 आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून पाठ टाचण, अध्यापन, मूल्यमापन व इतर शालेय कामे प्रत्यक्ष करण्याचा काळ, आवश्यक ठरली. परंतु हा काळ महाविद्यालयाने संलग्न करून घेतलेल्या शाळांत पूर्ण करायचा असल्याने त्याऐवजी परदेशी शाळेतील काम सहसा धरले जात नाही. परदेशाचा विचार म्हणूनच पदवीनंतरचा टप्पा म्हणून करणे इष्ट.

त्या टप्प्यावर सर्वांत मोठा अडसर पात्रतेचा नसून पारपत्राचा असतो. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांना दिला जाणारा ई-2 व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता आहे. मात्र 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराने पदवी आणि अध्यापनाचा परवाना असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक होण्याची वाट कायद्याने मोकळी केली. इंग्लंडने 2023 मध्ये भारतासह आणखी काही देशांच्या शिक्षकांना तेथील अधिकृत शिक्षक-दर्जासाठी थेट अर्ज करू दिला खरा, पण भारतीयांसाठी ती सोय गणित, विज्ञान आणि परकीय भाषा या विषयांपुरती ठेवल्याने इंग्रजीचा शिक्षक तीतून बाहेर राहतो. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही अशा मुलांना ती शिकवण्याचे कसब मुंब्रा, दिवा, डोंबिवलीच्या शाळांत रोज लागते आणि परदेशी वर्गालाही नेमके तेच हवे असते. ते न पाहता पारपत्रावरून शिक्षक निवडणे हा अन्यायच आहे.

प्रशिक्षणार्थीला सर्वांत जवळची संधी मात्र उलट्या बाजूने येते. फुलब्राइट परदेशी भाषा अध्यापन साहाय्यक ही योजना, जी भारतात अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठान चालवते, 21 ते 29 वयाच्या, इंग्रजी शिकवणाऱ्या किंवा त्या विषयाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांसाठी आहे. निवड झालेल्यांनी सुमारे नऊ महिने अमेरिकी महाविद्यालयात हिंदी, उर्दू यांसारखी भारतीय भाषा शिकवायची आणि त्याच वेळी तेथे अभ्यासक्रमही पूर्ण करायचे असतात. हे शाळेतील पद नसले तरी खर्चाचा मोठा भार योजनाच उचलत असल्याने मध्यमवर्गीय घरातील उमेदवाराला ते झेपते. दर वर्षीच्या सूचनापत्रातील भाषा आणि अटी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचे पत्रक वाचूनच अर्ज करावा.

नोकरीच हवी असेल तर आखाती देशांतील सीबीएसई-संलग्न भारतीय शाळा बी.एड. ग्राह्य धरतात, खासगी भाषासंस्था मात्र बहुधा केंब्रिजची सेल्टा ही पात्रता मागतात. सेल्टात किमान 120 तासांचा अभ्यासक्रम आणि सहा तासांचे परीक्षित अध्यापन असते, पण ही पात्रता प्रौढांना शिकवण्यासाठी आहे, त्यामुळे ती बी.एड.ची जागा घेऊ शकत नाही, तिला जोड देते. कागदपत्रांत पदवीचे साक्षांकन सर्वांत वेळखाऊ असते: आधी राज्य शासनाचा ठरलेला कक्ष, मग परराष्ट्र मंत्रालय. हेग करारातील देशांसाठी अपोस्टील, म्हणजे मंत्रालयाचे एकच प्रमाणपत्र, पुरते आणि भारतात ते 2005 पासून मिळते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या कराराबाहेरील देशासाठी त्याच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. नोकरी लावून देणारा दलाल 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि त्याचे सेवाशुल्क करांव्यतिरिक्त 30,000 रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. लाखो रुपये मागणाऱ्या मध्यस्थाकडे पाठ फिरवावी, हे यातून उघड होते.

ठाणे-कल्याण पट्ट्यातील अध्यापक महाविद्यालयांकडून एका गोष्टीची अपेक्षा आहे: प्रत्येक छात्राध्यापकाला आंतरवासितेचे इंग्रजीतील सविस्तर प्रमाणपत्र द्यावे, ज्यात इयत्ता, घेतलेल्या पाठांची संख्या, विद्यार्थ्यांची मातृभाषा आणि मुख्याध्यापकांचे निरीक्षण नोंदलेले असेल, कारण परदेशी संस्था त्या 20 आठवड्यांबद्दल विचारते तेव्हा बहुतेक उमेदवारांकडे दाखवायला फक्त गुणपत्रिका असते.